रुमाल टाकलेली लायसन्स : आमच्या ऑफिसातल्या ‘फ्लोटिंग’ची वर्षभराची हकिकत

आमचे ऑफिस भोसरीत आहे. प्रेस टूल, जिग-फिक्स्चर आणि एसपीएम (एकाच खास कामासाठी बनवलेली यंत्रे) यांचे डिझाइन आम्ही करतो. दोन ट्रेनी धरून आम्ही बारा जण संगणकावर बसतो आणि २०२३च्या सुरुवातीपर्यंत या बारा जणांत थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरची लायसन्स होती पाच. ती पाच डोंगलांत, म्हणजे संगणकाला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही अशा छोट्या किल्ल्यांत, कोंडलेली होती. प्रत्येक डोंगलाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला होता आणि कपाटावर एक रजिस्टर ठेवलेले असे, ज्यात ‘लाल – कोणाकडे – किती वाजता’ असे लिहायचे. लिहीत कोणीच नसे. सकाळचा पहिला अर्धा तास ‘हिरवा कुणाकडे आहे?’ असे ओरडण्यात जायचा. एकदा लाल डोंगल चाकणच्या एका ग्राहकाच्या बैठकीच्या खोलीत टेबलाखालच्या पोर्टला चार दिवस तसाच राहिला, आणि तो हरवला असता तर नवीन लायसन्सची पूर्ण किंमत भरावी लागली असती, हे आम्हाला त्या निमित्ताने करारपत्र उघडल्यावर कळले. त्यानंतर मालकांनी मला बोलावून सांगितले, “मॅडम, ते फ्लोटिंग का काय असते, त्याचे तुम्हीच बघा.” मी डिझाइनची माणूस आहे, आयटीची नाही. छोट्या ऑफिसात हे काम माझ्यासारख्याच कोणाच्या तरी गळ्यात पडते, म्हणून ही हकिकत सविस्तर लिहीत आहे.

फ्लोटिंग लायसन्समध्ये सॉफ्टवेअर सगळ्यांच्या संगणकांवर बसवलेले असते, पण ते वापरण्याची परवानगी एका सर्व्हरवर एकत्र ठेवलेली असते. एखाद्याने सॉफ्टवेअर उघडले की त्याचा संगणक सर्व्हरकडे परवानगी मागतो. शिल्लक असेल तर सर्व्हर एक काढून देतो आणि सॉफ्टवेअर बंद झाले की ती परत जमा करून घेतो. सहा लायसन्स असतील तर एका वेळी कोणतेही सहा जण काम करू शकतात, सातव्याला नकार मिळतो. बऱ्याच इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरमध्ये हा हिशेब ठेवायला फ्लेक्सनेट वापरतात. हे मूळचे १९८८मधले फ्लेक्सएलएम आणि जुने लोक अजून तेच नाव घेतात. त्यात सर्व्हरवर दोन प्रोग्राम चालतात. एलएमग्रड हा दारावरचा माणूस, आणि त्याच्या आत सॉफ्टवेअर कंपनीचा स्वतःचा ‘व्हेंडर डिमन’, जो प्रत्यक्ष लायसन्स मोजून देतो. हे दोन वेगळे आहेत, ही गोष्ट मला पुढे फार महागात पडली.

किती लायसन्स घ्यायची, हा पहिला प्रश्न होता. विक्रेत्याचा प्रतिनिधी म्हणाला, “तीन माणसांमागे दोन घ्या.” हे गुणोत्तर कुठून आले, हे त्यालाही सांगता येईना. म्हणून मी स्वतः मोजायचे ठरवले. १३ फेब्रुवारी ते ४ मार्च या काळात, गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, महाशिवरात्र आणि शिवजयंती वगळून पंधरा दिवस, सकाळी साडेनऊपासून दर अर्ध्या तासाने मी जागेवरून उठून एक फेरी मारत असे. दिवसाला अठरा नोंदी. डोंगल पाचच असल्यामुळे पाचापेक्षा जास्त लोक काम करताना दिसणे शक्यच नव्हते. त्यामुळे डोंगलाची वाट पाहत बसलेल्यांनाही मी विचारून मोजत गेले, नाहीतर मोजणीचे उत्तर आधीच ठरलेले होते. एकूण २७० नोंदींपैकी चार वेळा मागणी आठवर गेली, तेरा वेळा ती सात होती आणि उरलेल्या २५३ वेळा सहा किंवा त्याहून कमी. गर्दी नेहमी अकरा ते एक आणि चार ते सहा या वेळांत होती. सहा लायसन्स घेतली तर २७०मध्ये सतरा वेळा कोणाला तरी थांबावे लागेल, हे वाक्य मी मालकांसमोर ठेवले आणि ते त्यांना पटले. खरेदीपूर्वी एवढी एक मोजणी तरी प्रत्येकाने करावी, खर्च शून्य आहे. लोक हसतात, तेवढे सोसावे लागते.

१० मार्चला कोटेशन आले. जुनी पाच लायसन्स फ्लोटिंगमध्ये बदलून घ्यायला प्रत्येकी १,६५,०००, म्हणजे ८,२५,००० रुपये. एक नवीन फ्लोटिंग ६,३०,००० रुपये. बेरीज १४,५५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,६१,९०० धरून १७,१६,९०० रुपये. जीएसटीचा परतावा आम्हाला इनपुट क्रेडिटमध्ये मिळणार होता. उरलेल्या सात जणांना सात स्वतंत्र लायसन्स घेतली असती, तर प्रत्येकी ४,२०,००० प्रमाणे २९,४०,००० रुपये आणि वर कर लागला असता. आकडे शेजारी-शेजारी ठेवल्यावर निर्णय सोपा होता.

तरीही सही करण्याआधी मी दोन प्रश्न लेखी विचारले. ऑटोडेस्कने २०२०मध्ये नेटवर्क लायसन्सची पद्धत मोडीत काढून एका लायसन्सच्या बदल्यात व्यक्तीच्या नावाची दोन लायसन्स देण्याची योजना आणली होती, हे मला माहीत होते. आमच्या विक्रेत्याकडेही उद्या तसेच होणार आहे का, हा पहिला प्रश्न. ‘सध्या तसा विचार नाही’ असे उत्तर आले. त्यातल्या ‘सध्या’ या शब्दाखाली मी पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे. दुसरा प्रश्न असा, की आमची एक सहकारी बाळंतपणानंतर कोल्हापूरहून घरून काम करते, ती व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून, हे लायसन्स वापरू शकते का? करारात ‘एक कार्यस्थळ’ असा शब्द होता आणि भोसरीचा पिनकोडसकट पत्ता होता. प्रतिनिधी फोनवर म्हणाला, “चालतंय हो, कोण बघतंय?” मी ते मेलवर मागितले. अकरा दिवसांनी मेल आला, की आमच्या पगारपत्रकावरच्या कर्मचाऱ्यांना भारतात कोठूनही वापरता येईल, परदेशातून मात्र नाही. तो मेल छापून करारपत्राला टाचला आहे. फोनवरचे ‘चालतंय’ करारात कोठेच दिसत नाही.

३१ मार्च तोंडावर आलेला. २२ मार्चचा पाडवा झाल्यावर २८ तारखेला खरेदी आदेश निघाला आणि पेमेंट अडले ते आमच्याच अकाउंट्समध्ये. आमचे अकाउंट्सचे काका म्हणाले, “सॉफ्टवेअर म्हणजे रॉयल्टीत धरतात, आयकराच्या १९४जे कलमाखाली टीडीएस कापावा लागेल. कापायचा नसेल तर घोषणापत्र आणा.” प्रतिनिधीला हे काय प्रकरण आहे, याची कल्पना नव्हती. १३ जून २०१२ची आयकर खात्याची २१/२०१२ क्रमांकाची अधिसूचना तेव्हा लागू होती. सॉफ्टवेअर जसेच्या तसे पुढे विकले असेल, आधीच्या टप्प्यावर कर कापला गेला असेल आणि विकणाऱ्याने तसे घोषणापत्र आपल्या पॅन क्रमांकासह दिले असेल, तर तिच्यानुसार पुढच्या खरेदीदाराला पुन्हा टीडीएस कापावा लागत नसे. विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयात या पत्राचा ठरीव मजकूर तयारच होता, फक्त तो कोणीतरी मागायला हवा होता. चार दिवस त्यात गेले. कोटेशन मागवतानाच हे पत्र मागून ठेवले असते तर मार्चअखेरीची धावपळ वाचली असती.

यानंतरची चूक पूर्णपणे माझी. लायसन्सची फाइल एका विशिष्ट सर्व्हरच्या नावाने तयार होते आणि तो सर्व्हर ओळखण्यासाठी बहुधा त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजे मॅक अॅड्रेस, वापरतात. हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक फॉर्मवर लिहून द्यायचा होता. सर्व्हर म्हणून कोपऱ्यातला एक जुना डेस्कटॉप ठरला होता. २९ मार्चला मी त्यावर यादी काढली, तर चार पत्ते आले : वायफाय, ब्लूटूथ, व्हीपीएनचा आभासी अडॅप्टर आणि वायर लावलेले ‘इथरनेट’. पहिले तीन चालणार नाहीत, एवढे मला वाचून कळले होते. मी चौथा लिहून दिला आणि स्वतःवर खूशही झाले.

१० एप्रिलला फाइल आली. १३ एप्रिल हा गुरुवार, म्हणजे ऑफिस बंद. त्या दिवशी शांतपणे बसून मी सर्व्हर सुरू केला, तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, उणे ९ हा एरर आला. होस्ट अवैध. फाइलमधला क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक जुळत नव्हता. मी दोन्ही क्रमांक कागदावर एकाखाली एक लिहून अक्षर-अक्षर जुळवले, तीन वेळा. शेवटी आमच्या हार्डवेअरवाल्याला फोन केला. त्याने सहज सांगितले, “मॅडम, त्या मशिनचा लॅन पोर्ट गेला होता ना, म्हणून मी तात्पुरता यूएसबीचा कन्व्हर्टर लावला होता. गेल्या आठवड्यात नवीन कार्ड टाकलं आणि माझा कन्व्हर्टर घेऊन गेलो.” सतरा लाखांची लायसन्स त्याच्या पिशवीतल्या चारशे-पाचशे रुपयांच्या कन्व्हर्टरच्या नावावर होती.

त्याच्याकडे तसे पाच कन्व्हर्टर होते. पाचही घेऊन तो संध्याकाळी आला, आम्ही एकेक लावून पाहिला आणि चौथ्याचा क्रमांक जुळला. सर्व्हर चालू झाला. सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टने फोनवर सांगितल्याप्रमाणे मी फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या अनोळखी जोडण्या अडवणाऱ्या पहाऱ्यात, दोन पोर्ट उघडले. हे पोर्ट म्हणजे जोडणीचे क्रमांक दिलेले दरवाजे. एक एलएमग्रडचा २७०००, दुसरा व्हेंडर डिमनचा, जो त्या क्षणी लॉगमध्ये दिसत होता. शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. शनिवारी, १५ एप्रिलला, लोक आले, सगळ्यांचे सॉफ्टवेअर दोऱ्यांशिवाय उघडले आणि मी कन्व्हर्टरवर पांढरी पट्टी चिकटवून लिहिले : ‘काढू नये. लायसन्स.’

अर्थात हे असे चालू ठेवणे धोक्याचे होते. त्यामुळे लायसन्स दुसऱ्या क्रमांकावर हलवण्यासाठी, ज्याला ‘रीहोस्ट’ म्हणतात, अर्ज केला. त्यासाठी कंपनीच्या लेटरहेडवर, मालकांच्या सहीशिक्क्यासह, जुनी लायसन्स फाइल आम्ही नष्ट करत आहोत आणि तिची प्रत ठेवलेली नाही, असे लिहून द्यावे लागते. पहिले पत्र परत आले, कारण त्यात सॉफ्टवेअरचा अनुक्रमांक नव्हता. दुसरे परत आले, कारण तारीख अर्जाच्या आधीची होती. तिसरे मंजूर झाले. वर्षातून एक रीहोस्ट मोफत असतो, तो माझ्या चुकीने एप्रिलमध्येच संपला. पाच डोंगलही याच वेळी कुरिअरने परत करायचे होते. त्यांची पोच येईपर्यंत नवीन फाइल देणार नव्हते. पोच २४ तारखेला आली, फाइल २५ला.

माझी विनंती एवढीच, की होस्टचा क्रमांक लिहून देण्याआधी त्या संगणकाचे झाकण उघडून पाहावे, मागे कोणती वायर कोणत्या भोकात जाते ते डोळ्यांनी बघावे आणि पुढची पाच वर्षे हलणार नाही अशाच यंत्राचा क्रमांक द्यावा.

२७ एप्रिल, पुन्हा गुरुवार. मी एकटीच ऑफिसात येऊन नवीन फाइल टाकली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, त्याच संगणकावर सॉफ्टवेअर उघडून पाहिले, ते व्यवस्थित उघडले, आणि घरी गेले. शुक्रवारी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी एकाही टेबलावर सॉफ्टवेअर उघडेना. सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचा एरर सगळीकडे. दोन डिझाइन त्या दिवशी संध्याकाळी ग्राहकाला जायची होती. मालक माझ्यामागे उभे राहून काही बोलत नव्हते. ओरडले असते तर बरे वाटले असते.

कारण कळायला अडीच तास लागले. दारावरच्या एलएमग्रडचा पोर्ट फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि तो बदलत नाही. व्हेंडर डिमनचा पोर्ट मात्र वेगळा लिहून दिला नाही, तर प्रत्येक वेळी सुरू होताना तो हाताला लागेल तो मोकळा पोर्ट घेतो. १३ तारखेला फायरवॉलमध्ये उघडलेला पोर्ट त्या दिवसापुरता होता. २७ला डिमनने नवीन पोर्ट घेतला आणि फायरवॉलने तो अडवला. आमच्या संगणकांना दारावरचा माणूस भेटत होता, तो आत जायला सांगत होता, आणि आतला दरवाजा बंद होता. आदल्या दिवशी मी तपासणी सर्व्हरवरच बसून केली होती. तिथे फायरवॉल मध्ये येतच नाही, म्हणून मला सगळे ठीक दिसले. उपाय एका ओळीचा आहे. लायसन्स फाइलमध्ये ‘व्हेंडर’ या ओळीच्या शेवटी पोर्ट आणि एक ठरावीक आकडा लिहायचा, तोच फायरवॉलमध्ये कायमचा उघडायचा. या ओळीत बदल केल्याने फाइलमधली सांकेतिक सही बिघडत नाही. त्या भीतीने मी अर्धा तास हातच लावला नव्हता.

मे महिन्यात पुढचा अध्याय सुरू झाला आणि तो यंत्रांचा नव्हता. सहा लायसन्स असूनही रोज तक्रारी येऊ लागल्या, की ‘मिळत नाही’. उणे ४, म्हणजे सगळी वापरात. माझी मोजणी चुकली असे वाटून मला झोप लागेना. सर्व्हरच्या लॉगमध्ये कोणी लायसन्स घेतले, कोणी परत केले आणि कोणाला नाकारले, याची वेळेसह ओळ पडते. आणि एलएमस्टॅट ही आज्ञा दिली की त्या क्षणी कोणत्या संगणकावर कोणाच्या नावाने किती वाजल्यापासून लायसन्स आहे, ते दिसते. सोमवार, १५ मे रोजी दुपारी १ वाजून १० मिनिटांनी मी ती यादी काढली. सहाच्या सहा वापरात. सगळ्यांची सुरुवात साडेनऊ ते पावणेदहाची. मी छापील कागद घेऊन जेवणाच्या खोलीत गेले. सहाही नावे तिथे डबे उघडून बसलेली होती आणि त्यातल्या एकाने मला शेंगदाण्याची चटणी पुढे केली.

एसटी फलाटाला लागता-लागता खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसे हे होते. सकाळी आल्या-आल्या सॉफ्टवेअर उघडायचे, मग चहा, मेल, ग्राहकाचा फोन, शॉप फ्लोअरवर चक्कर, जेवण. आणि सॉफ्टवेअर मागे उघडेच. डोंगलाच्या काळात वस्तू डोळ्यांना दिसत होती, त्यामुळे ‘वापरत नसशील तर दे’ असे म्हणता येत होते. आता रुमाल दिसतच नव्हता. सर्व्हरला कोणी घेतले आहे हे कळते, कोण काम करत आहे हे कळत नाही. माझ्या फेब्रुवारीच्या मोजणीत मी काम करणारी आणि वाट पाहणारी माणसे मोजली होती, रुमाल मोजले नव्हते.

यावर फ्लेक्सनेटमध्ये ‘ऑप्शन्स फाइल’ असते. ती व्हेंडर डिमनच्याच नावाची, शेवटी डॉट ऑप्ट असलेली, लायसन्स फाइलच्या शेजारी ठेवायची साधी मजकुराची फाइल असते. माझी पहिली फाइल दोन दिवस काहीच परिणाम करत नव्हती, कारण नोटपॅडने तिच्या शेपटाला गुपचूप डॉट टीएक्सटी जोडले होते आणि विंडोज ते दाखवत नव्हते. दुसरी चालली, पण ट्रेनींच्या गटावर घातलेली मर्यादा लागू होईना. दोघांपैकी एकाच्या विंडोजच्या नावाचे पहिले अक्षर मोठे होते आणि मी लहान लिहिले होते. या नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. फाइल वाचली गेली की नाही, हे लॉगच्या सुरुवातीच्या ओळींत कळते, तिथे आधी पाहावे.

‘टाइमआउट’ या ओळीने, ठरावीक सेकंद सॉफ्टवेअर निष्क्रिय राहिले तर त्याचे लायसन्स सर्व्हर परत घेतो. आमच्या सॉफ्टवेअरची किमान मर्यादा १५ मिनिटांची होती. मी १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास, लिहिले. लायसन्स गेले तरी फाइल बंद पडत नाही. माणूस परत आला की सॉफ्टवेअर पुन्हा मागणी करते, आणि शिल्लक नसेल तर काम जतन करण्याची मुभा देऊन थांबते. निदान आमचे तरी असे वागते. तुमचे कसे वागते ते आधी कोरी फाइल उघडून बघा, चालू कामावर नको. पहिल्या आठवड्यात दुपारच्या जेवणाच्या वेळचे नकार जवळजवळ नाहीसे झाले. दुसऱ्या आठवड्यात मला एका टेबलावर कीबोर्डच्या स्पेसबारवर स्टेपलर ठेवलेला आढळला. कोणाचे टेबल ते सांगत नाही. त्याने मला उलट विचारले, “ताई, मला साडेपाचला मिळालं नाही तर ड्रॉइंग तुम्ही काढणार का?” त्याचा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून व्हॉट्सअॅपवर एक गट केला. ज्याला तातडी आहे त्याने तिथे फक्त ग्राहकाचे नाव आणि वेळ टाकायची, आणि ज्याचे काम थांबू शकते त्याने स्वतःहून बंद करायचे. स्टेपलर दोन दिवसांनी जागेवर गेला.

याच फाइलमधली ‘रिझर्व्ह’ ही ओळ मात्र जपून वापरावी. मालकांनी सुचवले, की एक लायसन्स आपल्या नावाने राखून ठेवावे. मी ठेवले. राखीव लायसन्स त्या माणसाने सॉफ्टवेअर उघडले नसले तरी इतरांना मिळत नाही; तो परगावी असला तरी नाही. म्हणजे बाकीच्यांसाठी पाचच उरली. आठवड्याने मी लॉगमधले अकरा नकार काढले आणि प्रत्येकापुढे, त्या वेळी राखीव लायसन्स मोकळे होते की नाही, ते लिहिले. अकराही वेळा मोकळे होते. कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, बोलले काही नाही. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाले, “काढून टाका. मला लागलं तर मी तुम्हाला फोन करतो.” पुढच्या दहा महिन्यांत असे फोन तीन आले.

सप्टेंबरात ‘बॉरो’ची गंमत झाली. सर्व्हरशी जोडणी नसलेल्या ठिकाणी काम करायचे असेल तर लायसन्स ठरावीक तारखेपर्यंत लॅपटॉपवर उसने नेता येते. तेवढे दिवस सर्व्हर ते दिलेले धरतो. आमचा गुहागरकडचा एक सहकारी १२ सप्टेंबरला चाकणला ग्राहकाकडे दोन दिवसांसाठी गेला आणि परतीची तारीख विचारल्यावर त्याने ‘असू दे’ म्हणून ३० सप्टेंबर टाकली. १६ला तो गणपतीसाठी गावी गेला, लॅपटॉपसकट. गणपती १९चे. इकडे आम्ही पाच लायसन्सवर आणि एका टूलची तारीख २२. सर्व्हर पुन्हा सुरू केला तरी उसने गेलेले लायसन्स परत येत नाही, आणि जोडणी तोडण्याची जी आज्ञा एरवी अडकलेले लायसन्स सोडवते, तिचाही इथे उपयोग नसतो. ते परत येते ते तारीख उलटल्यावर किंवा त्याच लॅपटॉपवरून परत केल्यावर. मी फोन केला तर तो म्हणाला, “ताई, घरात रेंजच नाही. आरती झाली की सड्यावर जातो.” तो लॅपटॉप घेऊन भावाच्या मोटरसायकलवरून सड्यावर गेला, मोबाइलवरून व्हीपीएन जोडले, तीन वेळा तुटले, चौथ्या वेळी लायसन्स परत आले. सर्व्हरच्या लॉगमध्ये ती ओळ २० सप्टेंबर, संध्याकाळी ६ वाजून ५२ मिनिटांची आहे. परतताना त्याने आमच्यासाठी मोदक आणले होते, त्यामुळे कोणी त्याला काही बोलले नाही. मी मात्र त्याच आठवड्यात ऑप्शन्स फाइलमध्ये दोन ओळी वाढवल्या. ‘मॅक्स बॉरो अवर्स’ने उसने नेण्याची मुदत ७२ तासांवर आणली, आणि ‘बॉरो लोवॉटर’ने चार लायसन्स कधीच उसनी जाणार नाहीत असे केले.

कोल्हापूरच्या सहकारीची एक वेगळीच अडचण होती. तिचे इंटरनेट मधेच गेले की तिच्या नावाचे लायसन्स सर्व्हरवर तासभर, कधी दोन तास लटकून राही, कारण जोडणी तुटली आहे हे सर्व्हरला लगेच कळत नाही. ती फोन करते आणि मी ते हाताने सोडवते. सोडवण्याआधी दर वेळी ‘तूच आहेस ना, तुझेच बंद आहे ना’ असे विचारून घेते. एकदा न विचारता घाईत दुसऱ्याचे चालू लायसन्स मी काढले होते आणि त्याचा राग सोमवारपासून बुधवारपर्यंत टिकला.

मार्च २०२४मध्ये नूतनीकरणाची वेळ आली. देखभाल करार प्रत्येकी १,१०,००० प्रमाणे ६,६०,००० रुपये, जीएसटीसह ७,७८,८००. प्रतिनिधीने सातवे लायसन्स सवलतीत देऊ केले. मी लॉग काढला. फेब्रुवारी महिन्यात नकार एकोणीस, त्यातले चौदा दहा मिनिटांच्या आत निकालात निघालेले. सातवे घेतले नाही. टीडीएसचे घोषणापत्र या वेळी कोटेशनच्या आधी हातात होते आणि अकाउंट्सच्या काकांनी ते फाइलला लावताना माझ्याकडे बघून मान डोलावली. नवीन फाइल आली तेव्हा व्हेंडरच्या ओळीत पोर्ट पुन्हा नव्हता. कंपनीकडून येणाऱ्या फाइलमध्ये तो नसतोच, दर वर्षी आपणच लिहावा लागतो. ४ एप्रिलला, गुरुवारी, रिकाम्या ऑफिसात मी ती ओळ पुरी केली, सर्व्हर सुरू केला, मग चप्पल घालून हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळच्या ट्रेनीच्या टेबलावर जाऊन सॉफ्टवेअर उघडले. उघडले. मग कोल्हापूरला फोन लावून तिलाही उघडायला सांगितले, आणि तिचे नाव यादीत दिसल्यावरच दिवे घालवून निघाले.